गाडी जोडणें आणि सोडणें : रोहणा येथील मार्गाच्या निमित्तानें

साधनांत जें लिहून ठेवलेलें असतें त्याचा शोध आपण नित्य घेतों. परंतु जें रोज हातांनीं केलें जात असे, आणि रोजचें म्हणूनच कोणी लिहिलें नाहीं, त्याचा मागोवा घेण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ओढणाऱ्यास वाहन जोडणें व तें कोणास इजा न होतां सोडणें ही विद्या अशांपैकींच होय. वर्धा जिल्ह्यांतील रोहणा गांवाच्या निमित्तानें तिचा अल्प विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

रोहणा हें आर्वी तालुक्यांतील गांव, पुलगांव व आर्वी यांच्या दरम्यान वसलेलें. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वेगळा काढण्यांत आला, आणि १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता नागपुरास पोंचला. पुलगांव त्या रस्त्यावर पडलें. अर्थात् आर्वीकडील कापसास तेंच जवळचें स्टेशन झालें. पुढें १९१७ सालीं पुलगांव ते आर्वी हा सुमारें ३५ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग सुरू झाला. तो सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा असून किलिक निक्सन ही त्या कंपनीची व्यवस्थापक पेढी होती. रोहणा हें याच मार्गावरील एक स्टेशन. मुख्य रस्त्याच्या रुळांतील अंतर ५ फूट ६ इंच, आर्वीच्या रस्त्याचें २ फूट ६ इंच. तेव्हां एका रस्त्याचा डबा दुसऱ्या रस्त्याच्या गाडीस जोडणें अशक्यच होतें. पुलगांवास माल उतरवून पुन्हा भरावा लागे. आज या अरुंद मार्गावर गाडी धावत नाहीं.

लोहमार्ग येण्यापूर्वीं या प्रांतांत ओझें वाहण्याचें मुख्य साधन बैलबंडी हें होतें. भरलेली बंडी सोडण्याचा क्रम शेतकऱ्याच्या घरचें पोरही जाणतें. प्रथम चाकाखालीं दगडाची उटी द्यावयाची, नंतर पुढच्या बाजूस टेकू लावावयाचा, आणि मग जोतीं काढून बैल मोकळे करावयाचे. हा क्रम उलटा झाला तर बंडी उतारावर घसरते किंवा पुढें-मागें कलंडते, व मधल्या माणसाचा पाय सांपडतो. ओझें आधीं स्वतःच्या पायावर उभें करावें आणि मग ओढणाऱ्यास सोडावें, हें या विद्येचें पहिलें सूत्र होय.

रुळांवरील गाडीनें हेंच सूत्र अधिक कठोर केलें. मुख्य रस्त्यावरील डब्यांस दोन्ही कडांना बफर व मध्यें आंकडा आणि मळसूत्री जोड असे. हा जोड लावण्यासाठीं माणसास दोन डब्यांच्या मध्यें शिरावें लागे. कडी आंकड्यावर चढवून मळसूत्र फिरवावें लागे, आणि तेंही बहुधा डबा मागें ढकलला जात असतांना किंवा नुकताच थांबला असतांना. अरुंद मार्गांवर सामान्यतः मध्यभागीं एकच बफर असून जोडही तेथेंच असे. तरी हात मध्यें घालण्याचें काम तेथेंही सर्वस्वीं चुकत नसे. इंजिन हांकणाऱ्यास मधला माणूस दिसत नसल्यामुळें दोघांमधील खूण एवढाच त्या माणसाच्या प्राणांचा आधार होता.

या कामांत गेलेल्या बोटांची नोंद आपल्या कागदांत कोठें उमटते, असा प्रश्न संग्राहकांनीं विचारण्यासारखा आहे. त्याचें एक उत्तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यांत सांपडतें. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. त्याच्या पहिल्या परिशिष्टांत कमाईच्या शक्तीची हानि शेंकड्यांनीं दिली होती : अंगठा गेल्यास २५, तर्जनी गेल्यास १०, इतर कोणतेंही बोट गेल्यास ५. आंकडे रुक्ष आहेत; परंतु ज्या हातांचा उल्लेख कापसाच्या गांठींच्या हिशेबांत येत नाहीं, ते हात या कोष्टकामुळें सरकारी कागदांत येण्याची वाट झाली.

बाहेरच्या जगांतील दोन गोष्टी येथें उपयोगी पडतील. अमेरिकेंत एली जॅनी यानें आपोआप मिटणाऱ्या जोडाचा हक्क १८७३ सालीं घेतला, आणि माणसास डब्यांमध्यें शिरावें न लागेल असे जोड सक्तीचे करणारा कायदा १८९३ सालीं झाला. म्हणजे युक्ति आणि सक्ति यांमध्यें वीस वर्षांचें अंतर पडलें. दुसरी गोष्ट आयर्लंडांतील आर्मा येथील. १२ जून १८८९ रोजीं सहलीची एक गाडी चढावर अडली. तेव्हां गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं न्यावा असें ठरलें. मागच्या डब्यांच्या चाकांखालीं दगड ठेवण्यांत आले. त्या गाडीचा ब्रेक असा होता कीं, नळी सुटली म्हणजे मागच्या डब्यांचा ब्रेकही सुटे. मागचा सारा भार गार्डाच्या हातब्रेकवर व दगडांवर राहिला. पुढचा भाग निघतांना किंचित् मागें आला, दगड चिरडले, डबे उतारावरून धांवले व मागून येणाऱ्या गाडीवर आदळून ८० माणसें मेलीं. त्याच वर्षीं कायदा होऊन उतारूंच्या गाड्यांना, नळी तुटतांच आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. उटी दिली होती. परंतु ओझ्याच्या मानानें ती पुरेशी नव्हती, हा या अपघाताचा धडा होय.

आज आर्वी तालुक्यांतून नागपूर–मुंबई समृद्धि महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. त्यावरून धांवणाऱ्या ट्रेलरांची जोडणी पाहतां जुनाच क्रम नव्या लोखंडांत दिसतो. ट्रेलरच्या चाकांस उटी देऊन त्याचा ब्रेक लावावा. ओढणारी गाडी सावकाश मागें घेऊन ट्रेलरची खुंटी तिच्या पाठीवरील तबकडींत बसवावी. या तबकडीस ‘पांचवें चाक’ म्हणतात. हें नांव घोडागाडीच्या पुढच्या आंसावरील वळणाऱ्या कड्यावरून आलें आहे. कुलूप मिटलें कीं नाहीं तें खालीं वांकून डोळ्यांनीं पाहावें, हवेच्या नळ्या व दिव्यांची तार जोडावी, हलका हिसका देऊन जोड पारखावा, आणि मगच ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यावे. सोडतांना जमीन कठीण पाहून आधीं उटी व पाय, नंतर नळ्या, शेवटीं कुलूप. येथें नळी तुटली तर ट्रेलरचा ब्रेक सुटत नाहीं, लागतो. आर्मा येथील उणीव ती हीच.

या साम्यावरून एकानें दुसऱ्यापासून विद्या घेतली असें अनुमान काढणें मात्र युक्त होणार नाहीं. बंडीवाल्यानें रेल्वेस शिकविलें, याला पुरावा नाहीं. उतार व ओझें यांचा स्वभाव सर्वत्र एकच असल्यामुळें नियमही एकच निघाला, इतकेंच म्हणतां येतें. फरक आहे तो विद्या कोठें राहत होती यांत : प्रथम ती बापाच्या हातून मुलाच्या हातीं जाई, नंतर नियमांच्या पुस्तकांत गेली, आणि अखेर यंत्रांतच घडविली गेली.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, सनदा व बखरी यांच्या बरोबरीनें जुन्या स्टेशनांवरील नियमांचीं पुस्तकें, हजेरीपटें, अपघातांच्या वह्या व भरपाईचे अर्ज हेही साधन म्हणून जपावे. सुतार, गाडीवान व जुने रेल्वे कामगार यांच्याकडून या क्रियांचे शब्द लिहून घ्यावे. मार्ग बंद पडला तरी रुळांच्या खुणा कांहीं काळ राहतात. उटी कोणत्या बाजूस द्यावी हें सांगणारा माणूस एकदां गेला म्हणजे मागें कांहींच उरत नाहीं.