डाग, थाप आणि मोजणी : वऱ्हाडातील शिशुश्वासाच्या घरगुती शुश्रूषेचा शब्देतिहास

तिवसा हे गाव अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. वऱ्हाडी बोलीतील शरीरविषयक शब्दांचा संग्रह करीत असता, येथील एका घरी प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका लहानशा प्रश्नाने वेधून घेतले. घरातील तान्ह्या मुलाचे स्नायू जन्मतःच दुर्बळ होते. त्याला जोराने खोकता येत नसे व कफ छातीतच साचून राही. रुग्णालयातून घरी पाठविताना, दिवसातून काही वेळा त्याच्या छातीवर हाताने ठोकावे, असे आईला शिकविण्यात आले होते. आजीने मात्र विचारले, “इवलंसं लेकरू, त्याले ठोकाव कसं?” आजीची शंका उपचाराविषयी नव्हती, ती क्रियापदाविषयी होती. खिळा ठोकतात, दार ठोकतात. लेकराला ठोकीत नाहीत. रोगाला व उपचाराला दिलेला शब्द माणसाच्या हाताला वाट दाखवितो, आणि कधी वाट चुकवितोही. ह्या विधानाचा पडताळा वऱ्हाडातील तीन शब्दांच्या आधारे पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिला शब्द ‘डबा’ अथवा ‘डब्बा’. तान्ह्या मुलाला धाप लागली, पोट फुगून उडू लागले, नाकपुड्या फुलू लागल्या, म्हणजे मुलाला डबा झाला असे म्हणण्याची रीत वऱ्हाडात व महाराष्ट्राच्या इतर भागांतही आढळते. आयुर्वेदाच्या बालरोगप्रकरणांत येणारी उत्फुल्लिका ती हीच, असे पुढील काळातील वैद्यांनी मानले आहे. फुगलेल्या पोटाला डब्याची उपमा दिली गेली असावी, असे अनुमान सहज करता येते. ह्या शब्दामागील निरीक्षण मुळीच चुकीचे नाही. फुप्फुसाचा दाह झाला असता शिशूला श्वास ओढण्यासाठी अधिक बळ लावावे लागते. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आणि पोट वेगाने वरखाली होते. आईने पाहिले ते खरेच होते. परंतु रोग छातीत आणि नाव पोटाचे, असा प्रकार झाल्याने हात पोटाकडे गेला.

तो हात कित्येकदा तापलेले लोखंड घेऊन गेला. अमरावती जिल्ह्याच्याच उत्तरेस असलेल्या मेळघाटात शिशूच्या पोटावर तापल्या विळ्याने वा सळईने चटके देण्याच्या प्रथेस ‘डंबा’ किंवा ‘डम्मा’ म्हणतात. ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अवघ्या बावीस दिवसांच्या एका अर्भकाला असे पासष्ट चटके देण्यात आल्याचे उघडकीस आले. ही प्रथा केवळ वनवासी अज्ञानाची खूण आहे, असे समजण्याचे कारण नाही. अग्निकर्म हा प्राचीन शास्त्रग्रंथांनीही सांगितलेला उपचार आहे. ‘डागणे’ हे क्रियापद साऱ्या मराठी मुलखात समजते. मराठीत ‘डाग’ म्हणजे उपचारही आणि कलंकही, हा योगायोग मात्र विचार करावयास लावणारा आहे.

दुसरा शब्द ‘थाप’. छातीवर हात मारून आतील स्थिती ओळखण्याची पद्धत व्हिएन्ना येथील वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर ह्याने १७६१ मध्ये लॅटिन ग्रंथाद्वारे मांडली. तो ग्राट्स येथील एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य किती उरले हे बाहेरून टिचकी मारून ओळखण्याची युक्ती त्याने बापाच्या तळघरात पाहिली होती, असे सांगतात. वऱ्हाडातील आईने पोटाला डबा म्हटले आणि आउएनब्रुगरने छातीला पिंप मानले. उपमा एकाच जातीची, पण त्याची उपमा रोगाच्या खऱ्या स्थानावर बसली. अर्थात ही थाप निदानाची होती, उपचाराची नव्हे. शरीराची ठेवण बदलून छातीतील स्राव वाहून जाऊ देण्याचा उपचार इंग्लंडमध्ये विल्यम युअर्ट ह्याने १९०१ मध्ये पुरस्कारिला, आणि पुढे त्यास हाताच्या थापेची जोड मिळाली. आपल्याकडे भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. त्यास निमित्त बालपक्षाघाताच्या साथीचे होते. पुढे ह्या विद्येचा प्रसार जिल्ह्याजिल्ह्यांत झाला, आणि तिवशाच्या आजीपर्यंत ती ‘ठोकणे’ ह्या शब्दाने येऊन पोहोचली.

वस्तुतः ह्या क्रियेत ठोकणे नाही. हाताची बोटे जुळवून पसा करतात, त्या पोकळ हाताने पातळ कापडावरून बरगड्यांच्या भागावर लयीत थापटावयाचे असते. तळहात व छाती ह्यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेचा हलका दणका आत पोहोचतो आणि चिकटलेला कफ सुटण्यास साहाय्य होते. भाकरी थापताना हात सपाट पडतो. तसा पडला तर कातडीला झोंबते. फार लहान अर्भकासाठी साराच हात मोठा ठरतो; तेथे तीन बोटांची टोके जुळवून काम भागवितात. कणा, छातीचे मधले हाड व पोट ही स्थाने वर्ज्य होत. दूध पाजल्यावर लगेच हे करीत नाहीत. पूर्वी मुलाचे डोके खाली करून निजवीत. दूध उलटून श्वासमार्गात जाण्याच्या भीतीने शिशूंच्या बाबतीत आता ते टाळतात.

ह्या थापेलाही मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ज्या मुलाला स्वतः कफ काढता येत नाही, त्याच्या बाबतीत ती उपयोगी पडते. परंतु छातीत घरघर ऐकू आली की थापटावे, असा नियम करता येत नाही. तान्ह्या मुलांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना होणाऱ्या दाहात फ्रान्समध्ये छातीचा भौतिकोपचार सर्रास होत असे. तेथील सात रुग्णालयांत ४९६ शिशूंवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे मुले लवकर बरी होतात असे दिसले नाही. अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत वारंवार थापटण्याचा संबंध मेंदूच्या इजेशी असावा, अशी शंका न्यूझीलंडमधून १९९८ मध्ये व्यक्त झाली होती. तेव्हा थापही सर्वच मुलांसाठी नव्हे; ती कोणत्या मुलासाठी व किती, हे जाणत्याने ठरवून आईच्या हाताला शिकवावयाचे असते.

तिसरा शब्द ‘मोजणे’. त्याचा इतिहास विदर्भातच घडला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८८ पासून गावातील कार्यकर्त्यांस व सुईणींस शिशूचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. मिनिटाला श्वास किती, हे त्यातील मुख्य लक्षण. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास साठ किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या मुलाचे पन्नास किंवा अधिक भरले, तर धोका मानावा, असा दंडक आहे. ज्या सुईणींना इतकी गणती येत नव्हती, त्यांच्यासाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी बसविलेले एक साधन त्यांनी योजले : दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर मूल आजारी समजावयाचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे ह्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते; तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १७.५ होते.

ह्या तीन शब्दांचा क्रम लावून पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. डाग देणारी आई, थापटणारी आई आणि श्वास मोजणारी सुईण, ह्या तिघींची नजर एकाच जागी खिळलेली आहे : उडणाऱ्या इवल्या पोटावर. वऱ्हाडी बोलीत ‘पोट उडते’, ‘दम लागला’, ‘छाती भरली’ असे जे प्रयोग आहेत, ते शतकानुशतकांच्या जागत्या निरीक्षणाचे संचित होय. चूक पाहण्यात नव्हती. पाहिल्यानंतर हाताने काय करावे, हे सांगणाऱ्या शब्दात होती. गडचिरोलीत त्या नजरेचा अव्हेर झाला नाही. तिच्या हाती मणी देण्यात आले. ज्यांना मेळघाटातील विळा थांबवावयाचा आहे, त्यांनी आईला अडाणी म्हणण्यापूर्वी तिने काय पाहिले हे तिच्याच शब्दांत ऐकून घेणे अगत्याचे आहे. कारण तिने जे पाहिले, तेच दवाखाना गाठण्याचे खरे कारण असते.

तिवशाच्या त्या घरी मुलाची आई पसा करून थापटीत होती. आजी काही वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हे ठोकणं नोहे, हे तं थापटणं हाय.” रुग्णालयाच्या कागदावर हाच शब्द लिहिलेला असता, तर तिचे कित्येक रात्रींचे भय वाचले असते.