‘ध’ चा ‘मा’ : आरोपीच्या जबाबातून निघालेला वाक्प्रचार

साहेबांनी सांगितलं एक आणि कारकुनानं पत्रात लिहिलं भलतंच, की ‘यानं ध चा मा केला’ असं आपण सहज म्हणून जातो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा वाक्प्रचार स्पष्टीकरणाशिवाय छापतात, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ असते. राघोबादादांनी गारदी शिपायांना हुकूम लिहून दिला, ‘नारायणरावांस धरावे’. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्यातला ‘ध’ खोडून ‘मा’ केला, आणि धरण्याऐवजी पेशवा मारला गेला. गोष्ट एवढी घोटीव आहे, की ती पहिल्यांदा कुणी सांगितली असेल हे विचारायचं सुचतच नाही.

खून मात्र खराच. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, गणपतीचे दिवस. थोरले माधवराव जाऊन वर्षही झालं नव्हतं. नारायणराव अठरा वर्षांचा, आणि त्याचा काका रघुनाथराव, म्हणजेच राघोबा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत. काहीतरी शिजतंय याची कुणकुण पेशव्याला लागली होती. त्यानं हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत आधी जेवायला गेले. दुपारी गारदी थकलेल्या पगाराच्या नावानं आरडाओरडा करत वाड्यात घुसले. पगारासाठी दंगा ही त्या काळी नित्याची बाब, म्हणून सुरुवातीला कुणाला विशेष वाटलं नसावं. पुढे त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेला आणि त्यांना मिठी मारून बसला. राघोबांचा सेवक तुळाजी पवार यानं त्याला ओढून काढलं. चापाजी टिळेकर नावाचा इमानी नोकर धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही कापलं. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी याच दालनातली, असं लोक सांगतात. महाराष्ट्रातल्या काका-पुतण्यांच्या राजकारणानं तिला नंतर एवढं काम दिलं, की आता ती ऐकून हसू येतं.

चौकशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी केली, आणि वाक्प्रचाराचं बी इथे पडलं. राघोबांनी शास्त्रीबुवांपुढे कबुली दिली ती अशी, की मी नारायणाला धरायला सांगितलं होतं, मारायला नव्हे. ज्याच्या डोक्यावर पुतण्याच्या खुनाचा आरोप आहे, त्याचा हा बचाव. ‘ध’ माझा, ‘मा’ दुसऱ्या कुणाचा. रामशास्त्र्यांनी त्याची फार किंमत केली नाही. या पापाला देहान्त प्रायश्चित्तच, असं त्यांनी सांगितलं आणि ते पुणं सोडून निघून गेले. म्हणजे ज्या न्यायाधीशासमोर हा जबाब आला, त्यानं तो पुरेसा मानला नाही. आपण मात्र तो अडीचशे वर्षं मानत आलो आहोत.

कागदाचंही थोडं बघावं. पेशव्यांच्या दफ्तराचं लिखाण मोडीत. आधी ओळभर शिरोरेघ मारायची, मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं ओढायची, शब्दाशब्दांत मोकळी जागा ठेवायची नाही. ‘धरावे’चं ‘मारावे’ करायचं तर नुसता ‘ध’ बदलून भागत नाही. त्याच्या आणि ‘र’च्या मध्ये एक काना घुसवावा लागतो. आधीच दाटीवाटीनं लिहिलेल्या ओळीत त्याला जागा कुठून आणली? सराईत हाताला अशक्य नाही, पण बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही इतकं सफाईदारही नाही. शिवाय गारद्यांपैकी मोडी वाचणारे असे कितीसे असणार?

ही गोष्ट ठसठशीतपणे छापली ती ग्रँट डफनं, १८२६च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात. रामशास्त्र्यांनी तो कागद नंतर मिळवला, तेव्हा त्यात ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेलं दिसलं, असं तो लिहितो. आणि हे काम आनंदीबाईचं, अशी सगळ्यांची समजूत आहे, असंही. ही ‘समजूत’ कधीची, हे महत्त्वाचं. डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात होता आणि तिथेच त्यानं कागद आणि माणसं धुंडाळली. १८१८मध्ये पेशवाई बुडाली होती, आणि ती बुडवणारा म्हणून ज्याच्या नावानं लोक बोटं मोडत होते तो दुसरा बाजीराव आनंदीबाईचाच मुलगा. अशा वर्षांत तिच्याविषयी चांगलं बोलणारा माणूस डफला पुण्या-साताऱ्यात भेटला असता, तर नवल. बाजीरावाचा बाप राघोबाच होता, हेही खरं. पण अटकेपर्यंतच्या मोहिमेनं त्याला ‘राघोभरारी’ हे कौतुकाचं नाव आधीच मिळवून दिलं होतं. बायकोपाशी तसं काही नव्हतं.

नंतरच्या अनेक अभ्यासकांनी या हकिकतीवर संशय घेतला. आनंदीबाई कटात असेल किंवा नसेल. पण तिच्या लेखणीची गोष्ट पुराव्यापेक्षा ऐकीव माहितीवर जास्त उभी आहे, हे नाकारता येत नाही. संशयानं मात्र कुणाचं काही बिघडलं नाही. १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. गजानन जागीरदारांचा करारी न्यायाधीश आणि ललिता पवारांची आनंदीबाई ज्यांनी पडद्यावर पाहिली, त्यांना शंका घ्यायचं कारणच उरलं नाही.

आता बोलताना आनंदीबाईचं नाव घ्यायचीही गरज पडत नाही. टंकलेखक, बातमीदार, निरोप्या, सोसायटीचा सचिव, कुणीही ध चा मा करतो. अर्थही सौम्य झाला आहे. पूर्वी त्यात खून होता, आता बहुतेक वेळा नुसता घोटाळा असतो. गृहीतक तेवढं जसंच्या तसं राहिलं आहे : मूळ हुकूम निर्दोष होता आणि बिघडवलं ते मधल्यानं. राघोबादादांना रामशास्त्र्यांकडून हेच हवं होतं.