मुळशी : स्वच्छ विजेची किंमत

१/४ मुळशी पेठेत मुळा नदी अडवायची, पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे सोडायचे आणि मुंबईसाठी वीज निर्माण करायची, अशी टाटांची योजना होती. या विजेला कोळशाचा धूर नव्हता. मात्र मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती.

२/४ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. ‘जान किंवा जमीन’ या घोषणेने सत्याग्रह आरंभला. पां. म. बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले.

३/४ १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला होता, पुनर्वसन नव्हते. १९२४ पर्यंत लढा मोडला; धरण उभे राहिले.

४/४ महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, तो १९७६ साली. सौर व पवन प्रकल्पांनाही जमीन लागतेच. ती कोणाची, हा मुळशीचा प्रश्न म्हणूनच आजही जिवंत आहे.