दुरुस्तीला दिलेली पेटी बुडाली, तर नुकसान कोणाचं?

गेल्या व्याख्यानात आपण ‘ठेव’ या कल्पनेचा इतिहास पाहिला. आज त्यातलाच एक रोजच्या व्यवहारातला प्रश्न घेऊ. आपण वस्तू दुरुस्तीला देतो. ती दुकानात असताना खराब झाली, तर भरपाई कोणी द्यायची? मालकाने, कारागिराने, की विमा कंपनीने?

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. आमच्या वडिलांची जुनी बाजाची पेटी होती. २०१७ च्या जुलैमध्ये ती आम्ही परळला, हिंदमातापासून चार पावलांवरच्या एका कारागिराकडे दिली. भाता फाटला होता, दोन सूर बसले होते. गणपतीच्या आधी देतो, असं ते म्हणाले. त्या वर्षी गणपती २५ ऑगस्टला होते. पेटी काही आली नाही. आणि २९ ऑगस्टला काय झालं, ते दादर-परळच्या माणसाला सांगायला नको. केईएम रुग्णालयातसुद्धा पाणी शिरलं होतं. आमची पेटी दुकानात जमिनीवर होती. तिचं लाकूड फुगलं, सूर गंजले.

आम्ही गेलो तेव्हा कारागीर म्हणाले, “सर, पाऊस काय मी पाडला?” शेजारच्या मुलाने विचारलं, “काका, विमा नव्हता का?” त्या दिवशी दोन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना आम्ही थेट दीड हजार वर्षं मागे गेलो, आणि वाट दाखवली ती गिरगावात राहणाऱ्या एका वकिलाने.

हे वकील म्हणजे महामहोपाध्याय पां. वा. काणे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता त्यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण १९३३ चं त्यांचं एक काम फारसं ठाऊक नसतं. कात्यायनाची स्मृती मूळ स्वरूपात हरवलेली होती. नंतरच्या टीकाकारांनी आणि निबंधकारांनी तिच्यातले जे श्लोक उद्धृत केले होते, ते वेचून काण्यांनी त्यांचा संग्रह सिद्ध केला. नऊशेहून अधिक श्लोक!

त्यात कारागिराकडे कामासाठी दिलेल्या वस्तूचा स्वतंत्र विचार आहे. आमच्या शब्दांत सांगायचं तर तीन नियम निघतात. वस्तू तिच्यातल्याच दोषामुळे मोडली, तर कारागीर जबाबदार नाही. कारागिराच्या चुकीने मोडली, तर त्याने भरून द्यावी. आणि तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. कामाचे दिवस ठरले होते आणि ते उलटून गेल्यावरही वस्तू कारागिराने ठेवून घेतली, तर पुढे ती दैवाने नष्ट झाली तरी भरपाई त्यानेच द्यायची.

याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच धागा आहे. राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने पळवली, तर ठेवीची भरपाई नाही. आपण ‘अस्मानी-सुलतानी’ म्हणतो, तेच हे. पण मालकाने मागूनही दिली नाही आणि मग गेली, तर किंमतही द्यायची आणि तेवढाच दंडही. म्हणजे उशीर करणाऱ्याला अस्मानीचा आडोसा मिळत नाही.

आता १८७२ मध्ये येऊ. त्या वर्षीचा कराराचा कायदा आजही लागू आहे. इंग्रजी कायदा याला बेलमेंट म्हणतो, आपला जुना शब्द निक्षेप. कलम १५१ सांगतं की साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी. कलम १५२ म्हणतं, तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी नाही. आणि कलम १६१? वस्तू घेणाऱ्याच्या कसुरीने ती वेळेवर परत मिळाली नाही, तर त्या वेळेपासून पुढच्या सगळ्या नुकसानीला तो जबाबदार. कात्यायनाचा तिसरा नियमच जणू! कोणी कोणाचं उचललं असं आम्ही म्हणत नाही. विलायतेतला कायदा स्वतःच्या वाटेने तिथे पोचला. माणसं एकाच अडचणीवर विचार करतात तेव्हा असं होतं.

हे वाचल्यावर आम्हाला वाटलं, खटला जिंकलो! मग एक गोष्ट आठवली. गणपतीच्या आठवडाभर आधी कारागिरांचा फोन आला होता, काम राहिलंय म्हणून. आणि आम्हीच म्हणालो होतो, “विसर्जनानंतर दिलीत तरी चालेल.” म्हणजे मुदत आम्हीच वाढवली होती. विसर्जन ५ सप्टेंबरला, पाणी आलं २९ ऑगस्टला. कसूर संपली, कलम १६१ गेलं, आणि कात्यायनही आमच्या बाजूने उभा राहीना. उरला एकच प्रश्न: त्यांनी पुरेशी काळजी घेतली होती का?

तो घेण्याआधी शेजारच्या मुलाचा प्रश्न पाहू. विमा. मुंबईत याचं मोठं उदाहरण १४ एप्रिल १९४४ चं. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. त्यावर कापूस होता आणि दारूगोळाही. दोन प्रचंड स्फोट झाले, आसपासची गोदामं आणि वस्त्या जळाल्या. लोकांकडे आगीचे विमे होते, पण आगीच्या विम्यात स्फोट बसत नव्हता. मग घर धक्क्याने पडलं की नंतरच्या आगीत जळलं, यावर सगळं अडलं. शेवटी भारत सरकारने भरपाईची जबाबदारी घेतली आणि त्याच वर्षी त्यासाठी वटहुकूम काढला.

यातून एक गोष्ट कळते. विमा विचारतो, नुकसान कशाने झालं आणि ते कारण आमच्या कागदात आहे का? कायदा विचारतो, नुकसान कोणाच्या हयगयीने झालं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानदाराच्या पॉलिसीत आज पूर सहसा असतो, पण ती मुख्यतः त्याच्या स्वतःच्या मालाची असते. गिऱ्हाइकांचा माल त्यात धरायचा, तर तसं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. आणि विमा कंपनीने मालकाला पैसे दिले म्हणून हयगय करणारा सुटत नाही. कंपनी मालकाच्या जागी उभी राहून त्याच्याकडून वसुली करू शकते. विमा पैशाची सोय करतो, दोष पुसत नाही.

पावतीवरच्या बारीक अक्षरांचंही तसंच. ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ एवढं छापल्याने सगळं संपत नाही. हरवलेल्या साडीच्या एका खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने लाँड्रीच्या पावतीवरची भरपाई तुटपुंजी ठेवणारी अट मानली नाही. अशी अट चालू दिली, तर वस्तू गडप करणंच फायद्याचं ठरेल, हा त्यामागचा विचार.

आता काळजीचा प्रश्न. त्या दिवशी कारागिरांची स्वतःची अर्धवट बनवलेली वाद्यंही त्याच पाण्यात गेली. नारदस्मृतीपुढे उभे राहिले असते तर ते सुटले असते. ठेव घेणाऱ्याच्या मालाबरोबरच ठेव गेली, तर नुकसान ठेवणाऱ्याचं, असं नारद मानतो. कारण सरळ आहे: स्वतःचं घर जाळून दुसऱ्याची ठेव कोण बुडवील? पण १८७२ चा कायदा एवढ्यावर थांबत नाही. तो तुमच्या सवयीकडे बघत नाही, साधारण शहाण्या माणसाकडे बघतो. आणि हिंदमाताजवळचा शहाणा माणूस ऑगस्टमध्ये लाकडी पेटी जमिनीवर ठेवील का? तिथे पाणी भरतं हे अख्ख्या मुंबईला ठाऊक आहे. पुढे महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, त्या काय उगीच? दुकानाला पोटमाळा होता. पेटी वर चढवायला पाच मिनिटं पुरली असती.

आमचं म्हणणं एवढंच आहे. पाऊस अस्मानी खरा. पण जे संकट दरवर्षी त्याच चौकात, त्याच महिन्यांत येतं, त्याला दैव म्हणता येत नाही. आपलं ज्ञान जसं वाढतं, तसं दैवाचं क्षेत्र आकसतं आणि जबाबदारीचं वाढतं. हे कारागिराला लागू आहे, तसं महापालिकेलाही, आणि पावसाळ्यात तिथे पेटी नेऊन देणाऱ्या प्राध्यापकालाही.

शेवट काय झाला, ते सांगतो. ग्राहक मंच तेव्हा परळलाच होता, पुरवठा भवनात. दुकानापासून चालत जाण्याइतका जवळ. आम्ही गेलो नाही. कारागिरांनी मजुरी घेतली नाही, नव्या सुरांचे आणि लाकडाचे पैसे आम्ही दिले. पेटी वाजते, पण वडिलांच्या वेळचा आवाज गेला. याला न्याय म्हणायचं का? आमच्या मते नाही, ती तडजोड होती. ज्याचं दुकानच बुडालं, त्याच्याशी केलेली. तडजोड करायला हरकत नाही, पण तिला न्याय समजू नये.

तेव्हा मंडळी, वस्तू दुरुस्तीला देताना तीन गोष्टी करा. परत मिळण्याची तारीख पावतीवर लिहून घ्या. वस्तू कुठे ठेवणार, ते विचारा. आणि दुकानाच्या विम्यात गिऱ्हाइकाचा माल धरला आहे का, हेही विचारा. शिवाय फोनवर ‘चालेल, सावकाश द्या’ म्हणताना जरा थांबा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.