पहिली विजेची गाडी आपल्या वडाळ्यावरून गेली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

गेल्या महिन्यात ऑफिसला सुट्टी टाकली आणि घरच्यांना घेऊन सीएसएमटीचं हेरिटेज म्युझियम बघायला गेलो. आई, बाबा, ताई, तिची नऊ वर्षांची लेक आणि मी. राहायला वडाळ्याला, त्यामुळे हार्बरची थेट गाडी. बाबा कुर्ला कारशेडमध्ये फिटर होते. निघताना म्हणाले, "आयुष्य रेल्वेत गेलं, आता तिकीट काढून रेल्वे बघायची?" पण इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी तयार!

इमारतीची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं डिझाइन, १८७८ ला काम सुरू, दहा वर्षांनी पूर्ण, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी तर शाळेच्या पुस्तकातच भेटते. जुने दिवे, घड्याळं, इंजिनांची मॉडेल्स बघताना भाची खूश होती. मी मात्र एका तारखेवर अडकलो होतो. ३ फेब्रुवारी १९२५.

त्या दिवशी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली. आणि ती गेली हार्बर लाइनवरून. म्हणजे आपल्या वडाळ्यावरून! ज्या लाइनला आपण रोज शिव्या घालतो, तिच्यावरून. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

हार्बरच का? १९१० साली ही लाइन कुर्ल्याहून निघून रे रोडपर्यंतच येत होती. पुढे व्हीटीला जोडायचं तर मध्ये दाट वस्ती. म्हणून रूळ उंचावरून नेले. आजही डॉकयार्ड रोड सोडलं की गाडी घरांच्या खिडक्यांजवळून जाते आणि सँडहर्स्ट रोडला हार्बरचा प्लॅटफॉर्म वर, मेन लाइनचा खाली असतो. हा नवा जोड आणि वीज एकाच वेळी आली.

आणि वीज का? लोकलची स्टेशनं जवळजवळ असतात. वाफेचं इंजिन वेग घेतं न घेतं तोच पुढचं स्टेशन येतं. शेवटच्या स्टेशनला इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं, हा वेळ वेगळाच. विजेची लोकल पटकन वेग घेते. मोटरमनची केबिन दोन्ही टोकांना असते, त्यामुळे माणूस इकडून तिकडे गेला की गाडी उलट निघाली. गाड्या भराभर सोडता येऊ लागल्या आणि शहर उत्तरेकडे पसरलं.

ती वीज १५०० व्होल्ट डीसी होती. आता बघा, तेवढीच ताकद २५,००० व्होल्टवर दिली तर करंट सुमारे सतरा पट कमी लागतो. तारा हलक्या, सबस्टेशनं कमी. म्हणून मुंबईची लोकल हळूहळू २५,००० व्होल्ट एसीवर नेली. आम्ही सर्व्हर बदलताना रात्री दोनला साइट बंद ठेवतो आणि तरी घाम फुटतो. इथे दिवसभर लाखो माणसं प्रवास करत असताना, दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणून, एकेक तुकडा बदलत गेले. शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला आली. सुरुवात हार्बरवर, शेवटही हार्बरवर. मधे ९१ वर्षं!

हे मी उत्साहाने घरच्यांना सांगत होतो, तेव्हा बाबा गप्प होते. मग भाचीने विचारलं, "आजोबा, तुम्ही यातलं काय केलं?"

बाबांनी आधी हात पुढे केला. मग सांगायला लागले. जुन्या डीसी मोटरीत कार्बनचे ब्रश असतात, ते फिरत्या तांब्यावर घासून झिजतात. वेळेवर बदलले नाहीत तर ठिणग्या उडतात, मोटर जळते. ब्रशची काळी पूड नखांत जाते, साबणाने निघत नाही. मोटर बिघडणार हे त्यांना आवाजावरून कळायचं. नव्या लोकलच्या मोटरीत ब्रशच नाहीत. "चांगलंच झालं," बाबा म्हणाले, "पण मग माझ्या कानाला काम उरलं नाही."

लहानपणी मी त्या काळ्या नखांची लाज बाळगायचो. शाळेत पालकसभेला आईनेच यावं म्हणून हट्ट करायचो. हे मी म्युझियममध्ये बोललो नाही, इथे पहिल्यांदा बोलतोय.

गव्हर्नरचं नाव गुगलवर दोन सेकंदांत सापडतं. पण ती गाडी ९१ वर्षं रोज सकाळी वेळेवर निघावी म्हणून रात्रपाळीला मोटरीखाली वाकलेली माणसं तिथे सापडत नाहीत. ती आपल्या घरात आहेत, आणि त्यांची वयं झाली आहेत. परत येताना वडाळ्याला उतरलो, चहा घेतला आणि घरी बाबांसमोर फोनचा रेकॉर्डर चालू केला. चाळीस मिनिटं बोलले. त्यातला तुकडा शेवटी जोडलाय, तो मात्र ऐकाच.

तुमच्या घरात कुणी रेल्वेत, गिरणीत, गोदीत असेल तर या रविवारी त्यांच्यासमोर फोन ठेवा. पहिला प्रश्न सोपा विचारा: "कामावर गेल्यावर सगळ्यात आधी काय करायचात?"

पुढच्या एपिसोडमध्ये १९१५ ला सुरू झालेली पोर्ट ट्रस्ट रेल्वे आणि आपलं वडाळ्याचं यार्ड. भेटूच!