गेम कन्सोलचा ग्राहक कोण? निन्टेन्डोच्या वाटचालीचा एक अभ्यास (२००६ ते २०१७)

प्रस्तावना :
दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या गेम कन्सोलचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून मांडला जातो. तथापि या व्यवसायापुढे आरंभापासून एक मूलभूत प्रश्न उभा आहे. यंत्र कोणासाठी घडवावे? तासन्‌तास खेळणाऱ्या निष्णात, म्हणजेच ‘हार्डकोअर’ खेळाडूसाठी, की क्वचित विरंगुळा शोधणाऱ्या सर्वसामान्य कुटुंबासाठी? प्रस्तुत निबंधात जपानमधील निन्टेन्डो कंपनीच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
क्योटो येथे १८८९ मध्ये पत्त्यांच्या व्यवसायासाठी स्थापन झालेल्या या कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ हे कन्सोल बाजारात आणले. ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या नावाचे ते संक्षिप्त रूप होय. कुटुंब हा ग्राहक त्या नावातच गृहीत होता. परंतु १९९४ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन आल्यानंतर स्पर्धा तीव्र झाली. निन्टेन्डोच्या गेमक्यूबची (२००१) एकूण विक्री सुमारे २ कोटी १७ लाखांवर थांबली, तर प्लेस्टेशन २ ने पुढे १५ कोटींचा टप्पा ओलांडला. केवळ यंत्राची शक्ती वाढवून ही स्पर्धा जिंकता येणार नाही, हे यातून स्पष्ट झाले.

‘वी’चा प्रयोग :
२००२ मध्ये अध्यक्ष झालेल्या सातोरू इवाता यांनी प्रतिस्पर्ध्यांचे ग्राहक ओढण्याऐवजी न खेळणाऱ्यांना खेळाकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले. अनेक बटणांचा नियंत्रक हाच नवख्या माणसापुढील मोठा अडसर होता. २००६ मध्ये आलेल्या ‘वी’ कन्सोलचा नियंत्रक रॅकेटप्रमाणे फिरवला की पडद्यावरील टेनिसपटू चेंडू टोलवीत असे. त्यामुळे आजी-आजोबांनाही तो खेळ शिकविण्याची गरज उरली नाही. अमेरिकेत ‘वी’ सुमारे २५० डॉलरला मिळत होते. त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन ३ ची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. ‘वी’चे चित्रण हाय डेफिनिशन दर्जाचे नव्हते, तरीही त्याची विक्री १० कोटींहून अधिक झाली.

यशाची मर्यादा :
या यशातच पुढील संकटाचे बीज होते. नवा ग्राहक साध्या खेळावर समाधानी होता. अधिक प्रगत यंत्र घेण्याची निकड त्याला भासली नाही. २००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये त्याचे ॲप स्टोअर आल्याने हलका विरंगुळा त्याच्या खिशातच आला. दुसरीकडे, निष्णात खेळाडू अन्य कंपन्यांच्या यंत्रांवर स्थिरावला होता. परिणामी ‘वी यू’ची (२०१२) विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांपर्यंतच गेली. हे नवे यंत्र आहे की जुन्याचे जोडउपकरण, याविषयीच्या संभ्रमानेही त्यात भर घातली. २०१४ मध्ये इवाता यांनी स्वतःच्या वेतनात काही महिन्यांसाठी निम्म्याने कपात केली.

मायक्रोसॉफ्टचा अनुभवही बोलका आहे. २०१३ मध्ये हालचाली टिपणारे ‘किनेक्ट’ हे उपकरण सक्तीने जोडल्याने एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला, तर प्लेस्टेशन ४ हे ३९९ डॉलरला विकले जात होते. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला किनेक्टविना यंत्र विकणे भाग पडले.

निष्कर्ष :
सर्वसामान्य ग्राहक बाजारपेठ विस्तारतो, तर निष्णात खेळाडू ती टिकवून धरतो, असे या घटनाक्रमावरून म्हणता येते. मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचने हे दोन्ही ग्राहक एकत्र आणले. ‘झेल्डा’ मालिकेतील दीर्घ, सखोल खेळ त्याच्यासोबतच प्रसिद्ध झाला आणि पुढील महिन्यात कुटुंबाने मिळून खेळण्याजोगा ‘मारिओ कार्ट’ आला. स्विचच्या विक्रीने पुढे १५ कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणून ‘हा की तो’ ही मांडणीच अपुरी ठरते. ‘वी’ने खेळाडूची व्याख्या व्यापक केली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय, मात्र दारात आलेल्या पाहुण्याला घरचा माणूस करणे त्याला साधले नाही.