बालवाडीच्या दाराचे वर्ष

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. त्या सुमारास कोकणात पावसाने जोर धरलेला असतो आणि तीन वर्षांचे मूल आईचा हात सोडून प्रथमच एका परक्या दारापुढे उभे राहते. आत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ते पाहते ते दार. बालवाडीच्या दाराची सजावट हा हौसेचा वा स्नेहसंमेलनाच्या तयारीचा विषय मानला जातो. परंतु ती खऱ्या अर्थाने कोणासाठी असते, याचे उत्तर या पहिल्या दिवशीच मिळते.

पेण तालुक्यातील डोलवी परिसरात हा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा होतो. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळजवळ, धरमतर खाडीच्या काठी वसलेले हे गाव एके काळी भातशेती, खारजमीन आणि खाडीतील मासेमारी यांसाठीच ओळखले जाई. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथे इस्पात कंपनीचा पोलाद प्रकल्प उभा राहिला. २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. कारखान्याबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे आली. त्यामुळे अशा परिसरातील बालवर्गात आगरी बोली बोलणारे मूल, कातकरी वाडीवरचे मूल आणि घरी हिंदी, बंगाली वा ओडिया बोलणारे मूल एकाच सतरंजीवर बसू शकते. दारावर ‘सुस्वागतम्’ असे ठळक अक्षरांत लिहिले, तरी ते यांच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. ते पालकांसाठी असते, किंवा तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी.

खूणचित्रांचे दार

म्हणून वर्षाची सुरुवात अक्षरांनी न करता खुणांनी करावी, असे बालशिक्षणाचा अनुभव सांगतो. प्रत्येक मुलाला एक चित्र द्यावे आणि ते दारावर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण पाऊणेतीन ते साडेतीन फुटांवर असते. बहुतेक दारांची सजावट याच्या वर, मोठ्यांच्या नजरेच्या टप्प्यात केलेली आढळते. मुलांच्या वाट्याला खालची कोरी फळी आणि कडीकोयंडा येतो.

खूणचित्रे ओळखीची असावीत. सफरचंद, पेंग्विन आणि बर्फाचा माणूस ही बाजारात तयार मिळणाऱ्या तक्त्यांवरची मंडळी डोलवीच्या मुलाला क्वचितच भेटलेली असतात. त्याला ठाऊक असते ती चिंबोरी, शेततळ्यातला जिताडा, बगळा, बेडूक, होडी, शेवग्याची शेंग, आणि हो, कारखान्याची चिमणी व रस्त्यावरचा ट्रकसुद्धा. मूल सकाळी येते, आपली चिंबोरी शोधते आणि तिच्यावर हात ठेवून आत जाते. रडणे यामुळे थांबतेच असे नाही. पण दारात आपले असे काहीतरी आहे ही जाणीव त्याला होते. ताईंनाही हजेरीची एक सोपी रीत मिळते. चित्र उलटे केले की मूल आले, सुलटे राहिले की आले नाही.

दार कोणत्या बाजूस उघडते, याचाही विचार आधी करावा लागतो. वर्ग चालू असताना आपल्याकडे दार बहुधा उघडेच असते. आतल्या बाजूस उघडणारे दार पूर्ण उघडून भिंतीला टेकले, की त्याची बाहेरची बाजू वर्गात दिसू लागते आणि येणाऱ्याला सजावट दिसतच नाही. अशा वेळी फळीपेक्षा चौकट आणि दाराशेजारची भिंत अधिक उपयोगी पडते.

पावसाळा आणि कागद

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. क्रेप कागदाचा रंग पहिल्याच सरीत ओघळतो, कार्डबोर्ड फुगतो, खळीला बुरशी येते, चिकटपट्टी सुटते. लोखंडी दार असेल तर गंज चित्रावर उमटतो. पावसाळ्यात कागदाचा मोह टाळून कापड, बांबूची चटई, सुपारीची विरी, करवंटी यांकडे वळावे. जुन्या सुती साडीचा पट्टा दारावर ताणून बसवला आणि त्यावर भेंडीचे, कांद्याचे, पानांचे ठसे मुलांकडून उमटवून घेतले, तर तो चार महिने सहज टिकतो. आणखी एक उपाय फारसा खर्चाचा नाही: दाराचा खालचा तीन फुटांचा भाग फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून टाकणे. मग खडूने हवे ते काढावे, ओल्या फडक्याने पुसावे.

थर्माकोलचा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. राज्य शासनाच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर बंदी आली. तरीही काही ठिकाणी तो दिसतो, ही गोष्ट वेगळी.

स्वस्त आणि स्थानिक साहित्याचा हा आग्रह महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, दगड यांनाच त्यांनी शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा हाच शब्द सरकारी झाला. मुळात जिला दार नव्हतेच, अशा शाळेचे दार सजविण्याची चर्चा आज करावी लागते, यात थोडा विनोद आहे.

भाताच्या लोंब्या

श्रावण-भाद्रपदात सणांची दाटी असते. पेणचा गणपती मुंबईपासून परदेशांपर्यंत जातो. हमरापूर, जोहे या गावांत तर घरोघरी मूर्तिशाळा आहेत. तेथील मुलांना शाडूची माती दाखविण्याची गरज नाही, ती त्यांच्या नखांत असते. या काळात दारावर नवे काही करण्यापेक्षा मुलांनी घरी पाहिलेले कागदावर उतरवू द्यावे, एवढे पुरे.

खरी संधी येते ती आश्विनात. दार सजविण्याची मराठी घरांची परंपरा मोठी आहे, आणि तिचे मूळ बहुतांशी शेतीत आहे. संस्कृतात ‘तोरण’ म्हणजे कमान वा प्रवेशद्वार. सांचीच्या स्तूपाची तोरणे प्रसिद्धच आहेत. मराठीत हा शब्द खाली उतरून चौकटीवरच्या माळेला चिकटला. आंब्याची पाने व झेंडू ही त्यातील सर्वपरिचित जोडी. कोकणात मात्र नवे भात तयार झाले की त्याच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह बांधून दारावर लावण्याची चाल आहे. त्याला ‘नवे’ म्हणतात. नवान्न पौर्णिमेला वा दसऱ्याच्या आसपास हा विधी होतो. जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो, तेथे बालवाडीच्या दारावर लोंब्यांचे तोरण लावणे याहून समर्पक काही नाही. वर्गातील काही मुलांच्या घरी शेत असते, काहींच्या घरी नसते. लोंब्या आणणारा आणि त्या प्रथमच पाहणारा, दोघांनाही त्यात काम मिळते. लोंब्या मोजता येतात, दाणे सोलता येतात, साळीतून तांदूळ निघतो हे पाहता येते. तोरण दाराबाहेर राहिले तर दोन-चार दिवसांत चिमण्या येऊ लागतात आणि ते हळूहळू संपते. सजावट खाल्ली जाते, हे मुलांना विलक्षण आवडते.

दार हे सर्वांचे असल्याने एकाच धर्माच्या दिनदर्शिकेवर ते चालू नये, याची काळजी ताईंनी घ्यावी लागते. ईदचा चंद्र दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो दारावर योग्य दिवशी यावा. नाताळचा तारा यावा. रायगडच्या किनारपट्टीत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांच्या चौकटीवर मेझुझा असतो. त्यांच्यात ‘पेणकर’ हे आडनाव आढळते, ते याच तालुक्याच्या गावावरून. दाराला मान देण्याची रीत या मातीत एकापेक्षा अधिक आहे, एवढे यातून दिसते.

रिकामी होणारी जागा

दिवाळीची सुटी संपते आणि दारावरच्या काही खुणा सुलट्याच राहू लागतात. पेण, रोहा, सुधागड, कर्जत या भागांतील अनेक कातकरी कुटुंबे भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर कामाला जातात. लहान मुले बरोबर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल आदिवासी गटांत गणले आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासह कातकरी आहेत. स्थलांतर ही त्यांच्या शिक्षणातील सर्वात मोठी अडचण आहे, आणि ती बालवाडीपासूनच सुरू होते.

अशा मुलाच्या खुणेचे काय करावे? डिसेंबरमध्ये दार नव्याने सजवताना गैरहजर मुलाचे चित्र काढून टाकणे सोपे असते. जागा मोकळी होते, दार नीटनेटके दिसते. परंतु तीच चूक होय. नाताळच्या ताऱ्याशेजारी, संक्रांतीच्या पतंगाशेजारी, सव्वीस जानेवारीच्या झेंड्याशेजारी ती खूण राहू द्यावी. वर्गातील मुले विचारतात, ‘बगळा कुठे गेला?’ त्यांना खरे उत्तर द्यावे: तो आईबाबांबरोबर कामाला गेला आहे, पावसात येईल. मे-जूनमध्ये ते मूल परतले आणि दारावर आपला बगळा धूळ खाऊन का होईना तसाच बसलेला पाहिला, तर आत येण्यासाठी त्याला वेगळे बोलावणे लागत नाही. मधल्या काळात ते भट्टीजवळच्या एखाद्या अंगणवाडीत जात असेल, तर तीच खूण तिकडेही त्याच्याबरोबर जावी, असा प्रयत्न करता येतो. एका कागदाच्या तुकड्यापलीकडे त्याला खर्च नाही.

किती सजवावे

सजावटीला मर्यादा असावी, यामागे केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ॲना फिशर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवर्गातील २४ मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना काही धडे चित्रांनी भरलेल्या वर्गात आणि काही धडे कोऱ्या भिंतींच्या वर्गात शिकवण्यात आले. सजवलेल्या वर्गात मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ धड्यावर नव्हते. साध्या वर्गात हे प्रमाण २८ टक्के होते. बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के आली. अभ्यास लहान आहे, त्यावरून भिंती पुसून काढण्याचे कारण नाही. मात्र दाराची बाहेरची बाजू बोलकी आणि आतली शांत असावी, असा साधा नियम त्यावरून करता येतो.

सुरक्षिततेकडे सजावटीच्या भरात दुर्लक्ष होते. दार ही संकटकाळी बाहेर पडण्याची वाट आहे. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर शाळांच्या इमारतींबाबत देशभर विचार झाला. दाराची संपूर्ण फळी कागदाने मढवू नये, कडी व मूठ झाकू नये, चौकटीतून लोंबणाऱ्या माळा मुलांच्या गळ्याशी येतील इतक्या खाली सोडू नयेत. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना खाली पडतात आणि बोटांत वा तोंडात जातात. बिजागरीच्या बाजूस काहीही चिकटवू नये. मूल ते ओढायला जाते आणि बोट सापडते. उंबऱ्यावरची रांगोळी ओल्या पायांखाली घसरते, ती बाजूला काढावी.

आणि हे सर्व करायचे कोणी? अंगणवाडी सेविकेकडे पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवर भरायची माहिती एवढे काम आधीच असते. सजावटीचे साहित्य पुष्कळदा तिच्या मानधनातूनच येते. दर महिन्याला नवे दार अशी अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे आहे. वर्षातून चार वेळा बदल पुरेसा होतो: जूनला खुणा, आश्विनात लोंब्या, संक्रांतीला पतंग, पाडव्याला आंब्याची पालवी. मधले बदल मुलांच्या हातून आपोआप होतात. ती वाकडीतिकडी असतात, रंग रेषेबाहेर जातो, सूर्याला सात पाय फुटतात. पाहुणे येणार म्हणून रात्री बसून ताईंनी ती ‘नीट’ करण्याची प्रथा बंद झाली, तर दोघांचीही सुटका होईल.

वर्ष संपताना दार उतरवण्याचे कामही मुलांबरोबरच करावे. पहिलीत जाणाऱ्या मुलाने आपली खूण स्वतः काढून घरी न्यावी. जी मुले अजून भट्टीवरून परतलेली नसतात, त्यांच्या खुणा तेवढ्या दारावर राहतात.